नळी सांगेल ते

सबनीस सरांना नाक होतं. चांगलं सरळ, धारदार, चष्मा नीट बसेल असं. पण त्या नाकाचा उपयोग त्यांनी चष्म्यापलीकडे कशासाठी केल्याचं मला आठवत नाही. वास घेऊन एखादा पदार्थ ओळखणं त्यांना कमीपणाचं वाटे आणि चव घेऊन ओळखणं तर निव्वळ रानटीपणाचं. "वास म्हणजे अफवा," असं ते म्हणत. "आणि चव म्हणजे ज्याची त्याची आवड. द्रव ओळखायचा तर त्याची घनता काढा. नळी सांगेल ते खरं."

ही नळी काचेची. खाली फुगीर, पोटात शिशाचे छर्रे, वर बारीक मान आणि मानेवर खुणा. पातळ पदार्थात सोडली की उभी तरंगते. पदार्थ जड असला तर वर राहते, हलका असला तर खाली जाते. कुठल्या खुणेपर्यंत बुडाली ते वाचायचं आणि तक्त्यात बघून पदार्थाचं नाव सांगायचं. अशा काही नळ्या शाळेच्या प्रयोगशाळेत होत्या, आणि एक कायम सरांच्या कोटाच्या आतल्या खिशात, रुमालात गुंडाळलेली. प्रवरेच्या काठी, कोल्हारपासून सायकलीच्या अंतरावर असलेल्या आमच्या गावात कोट घालणारे ते एकटेच होते. भर उन्हाळ्यातही घालत, कारण सदऱ्याच्या खिशात नळी मावत नसे.

मी त्याच हायस्कुलात मराठी शिकवत होतो. बहात्तरच्या दुष्काळाच्या आगेमागेची ती वर्षं. सर आम्हा सहकाऱ्यांना नावाने हाक मारत नसत, विषयाने मारत. "काय भूगोल, आज उशीर?" असं त्यांनी विचारलं की भूगोलवाला बिचारा मुकाट्याने घड्याळाकडे बघे. मी त्यांच्या लेखी 'व्याकरण' होतो. मी कवितासुद्धा शिकवतो, हे एकदा त्यांच्या कानावर घालून पाहिलं. त्यावर ते म्हणाले, "असेल. पण त्यात मोजण्यासारखं काही नाही." विषय संपला.

एकदा शाळेच्या शिपायाने रेशनवरून आणलेली रॉकेलची बाटली आम्हा शिक्षकांच्या खोलीत पाण्याच्या माठाशेजारी आणून ठेवली. बाटलीवर चिठ्ठी नाही, बुचाच्या जागी कागदाचा बोळा. खोलीभर वास सुटला होता. इतिहासवाल्यांनी उपरण्याने नाक दाबून खिडकी उघडली. सर आत आले, बाटलीकडे बघितलं आणि म्हणाले, "हा द्रव अज्ञात आहे. कुणी हात लावू नका." मग त्यांनी प्रयोगशाळेतून उंच भांडं आणवलं, ते धुतलं, पुसलं, वाळवलं, द्रव ओतला, नळी सोडली, बुडबुडे जाईपर्यंत थांबले, डोळा द्रवाच्या पातळीला आणण्यासाठी टेबलासमोर गुडघे टेकून बसले. मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली तेव्हा ते उठले आणि गंभीरपणे म्हणाले, "रॉकेल असण्याची दाट शक्यता आहे." शिपाई म्हणाला, "सर, मीच आनलंय ते." सरांनी त्याला विचारलं, "तू मोजलं होतंस का?"

त्यांच्या प्रात्यक्षिकाला मुलं थरथर कापत. टेबलावर एकसारख्या बाटल्या, आत पाण्यासारखं काहीतरी, आणि समोर कोट घातलेले सर. बाटली नाकाजवळ नेलेली दिसली की शून्य. एका थंडीत, नगर जिल्ह्यातली पहाट बोटं वाकू देत नाही अशा दिवसांत, एका मुलीच्या बाटलीतलं द्रव्य रात्रीतून पांढरं घट्ट होऊन बसलं. ती म्हणाली, सर, हे खोबरेल तेल आहे. उत्तर बरोबर होतं. सरांनी तिला शून्य दिलं, कारण तिने घनता काढली नव्हती. घट्ट तेलात नळी बुडणार कशी, असं तिने रडत विचारलं, तेव्हा सर थोडा विचार करून म्हणाले, "मग आज हा द्रव नाही. द्रव नाही तर प्रश्नच रद्द." प्रश्न रद्द झाला, शून्य मात्र राहिलं.

घरी वहिनींची तीच गत. आमटी पातळ झाली, एवढं म्हणून नवरे गप्प बसतात. सर किती पातळ झाली ते सांगत. वहिनी मोठ्या शांत बाई होत्या. आमच्या घरी हळदीकुंकवाला आल्या असताना माझ्या बायकोला म्हणाल्या, "लग्नात मुलगी पसंत आहे का असं विचारलं, तेव्हा एकदम हो म्हणाले. त्यांनी न मोजता सांगितलेलं तेवढंच." हे सांगताना त्या लाजल्या होत्या, असं बायको म्हणते.

आता असल्या माणसाला गावाने टिंगलीपुरतंच ठेवलं असतं. पण एका दारूच्या डब्याने सरांना मोठं करून ठेवलं. पोलिसांनी उसाच्या फडात हातभट्टी पकडली. एक पत्र्याचा डबा भरून माल चौकीत आणला आणि पंचनाम्याला शिकलेला पंच पाहिजे म्हणून दुपारी सरांना बोलावलं. मीही त्यांच्याबरोबर होतो, दुसरा पंच म्हणून. जमादाराने लिहून तयार ठेवलं होतं, की डब्यात दारू असून पंचांनी वास घेऊन खात्री केली आहे. सही करायला म्हणून मी पेन काढलंसुद्धा. सर म्हणाले, "मी वास घेत नाही." आणि त्यांनी खिशातून रुमाल काढला.

नळी बुडाली ती थेट पाण्याच्या खुणेवर. सरांनी पुन्हा बघितलं. जमादार म्हणाला, "मास्तर, अवो वास तर घ्या, डोकं भनभनतंय." वास खरोखर येत होता. सर शांतपणे म्हणाले, "वास डब्याला आहे. आत पाणी आहे." सकाळपासून दुपारपर्यंत चौकीतल्या मंडळींनी डबा रिकामा करून आडाच्या पाण्याने पुन्हा भरून ठेवला होता, हे त्या दुपारी सगळ्या गावाला कळलं. जमादाराचे डोळे लाल का होते, तेही कळलं. भट्टीवाला सुटला आणि सरांच्या घरी गुळाची ढेप घेऊन गेला. सरांनी ती परत पाठवली. पण गावात त्यांचं नाव झालं. नाकं चुकली आणि नळी बरोबर निघाली, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. सरांच्या डोक्यात तर ते कायमचं जाऊन बसलं, आणि पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं.

गावात दूध संस्था होती. दुधात पाणी आहे का ते बघायला तिथेही एक नळी असे. लोक तिच्या खुणांना 'डिग्री' म्हणत. नळी खुणेवर राहिली तर डिग्री लागली, खाली गेली तर दुधात पाणी. हे काम चेअरमन आबांचा पुतण्या करायचा. तो नळीकडे कमी आणि दूध आणणाऱ्याच्या तोंडाकडे जास्त बघायचा. सभासदांनी कुरकुर केली आणि सरांचं नाव पुढे आलं. आबा आमच्या शाळेच्या समितीवरही होते. मास्तर म्हणजे निरुपद्रवी माणूस, असा हिशेब करून त्यांनी होकार दिला. सर रोज पहाटे शाळेआधी, कोटावर मफलर गुंडाळून, फुकटात डिग्री लावू लागले.

सरांनी पहिल्याच दिवशी दारावर फळा टांगला. ज्याच्या दुधात पाणी सापडेल त्याचं नाव त्यावर लिहायचं आणि त्याचं दूध परत करायचं. आबांचं दूध रोज नेमकं खुणेवर असे. सर त्याला 'आदर्श दूध' म्हणत. मलई काढून घेतली की दूध जड होतं, आणि मग बेताने पाणी घातलं की परत खुणेवर येतं, एवढी अक्कल आबांच्या घरात होती. ते आदर्श दूध पिऊन त्यांच्या घरचं मांजर वाळून गेलं होतं. पण नळीला मांजर दिसत नाही.

फळ्यावर पहिलं नाव लागलं ते भामाबाईचं.

भामाबाई एकटी बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक सासरी. एक म्हैस आणि संस्थेच्या भिंतीला भिंत लागून असलेला गोठा, एवढा तिचा संसार. बाकीचे लोक मळ्यातून, वस्त्यांवरून, सायकलीला कॅन लावून थंडीवाऱ्यात यायचे. ही मात्र रांग सरत आली की धार काढायची आणि फेसाळलेली बादली घेऊन दोन पावलांवर दारात हजर व्हायची. दुधातून वाफ निघत असायची. सरांनी फेस निवळू दिला, नळी सोडली, आणि नळी खाली गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली गेली. तिसऱ्या दिवशी सरांनी तिचं नाव स्वच्छ, वळणदार अक्षरात फळ्यावर लिहिलं.

तिला वाचता येत नव्हतं. पण फळ्यावर काय आहे ते तिला सांगायला सगळं गाव तयार होतं. चार घरी तिचा दुधाचा रतीब होता, तो बंद झाला. नदीवर धुणं धुताना बायका तिच्यापासून दगड सोडून बसू लागल्या. हे सगळं तिने सोसलं असतं. पण दर सोमवारी महादेवाला तिच्या म्हशीचं दूध जायचं. नवरा गेल्यापासून एक सोमवार चुकला नव्हता. पुजाऱ्याने तिला पायरीवरच थांबवलं आणि फळ्यावरचं नाव उतरेपर्यंत दूध आणू नको म्हणून सांगितलं. त्या सोमवारी ती भरलेला तांब्या घेऊन तशीच संस्थेच्या दारात आली.

"मास्तर," ती म्हणाली, "दूध नका घेऊ माझं. पन नाव पुसा. देवानं परत लावलं मला."

सर म्हणाले, "बाई, मी काही लिहिलेलं नाही. नळीने लिहिलंय."

"मंग नळी घिऊन चला माझ्या गोठ्यात."

सर गेले. मागून सगळी रांग गेली, शाळेला निघालेला मीही गेलो. भामाबाईने बादली उलटी करून दाखवली, कोरड्या पदराने पुसली, हात पुसले आणि सरांच्या डोळ्यांसमोर धार काढली. एवढं दूध आणि एवढी माणसं, पाणी घालणार कोण आणि कधी? सगळे परत संस्थेत आले. सरांनी नळी सोडली. नळी खाली गेली.

आता कुठलाही शहाणा माणूस नळीकडे संशयाने बघेल. सरांनी म्हशीकडे बघितलं. बराच वेळ विचार करून ते म्हणाले, "म्हैस पाणी जास्त पीत असली पाहिजे."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळी रांग हसली. भामाबाई हसली नाही. ती म्हणाली, "मंग माझं नाव पुसा आन म्हशीचं लिवा."

ते वाक्य दुपारच्या आत कोल्हारच्या बाजारात पोचलं होतं. पोरं सरांच्या मागून रेकू लागली. आणि तरी सरांनी नाव पुसलं नाही. मला त्यांचा खरोखर राग आला. स्वतःच्या डोळ्यांदेखत धार काढलेली, दुधातून वाफा निघताहेत, समोर म्हातारी होत चाललेली बाई उभी आहे, आणि हा माणूस काचेच्या नळीची बाजू घेतो. मी त्यांना तसं बोललो. ते एवढंच म्हणाले, "व्याकरण, दया आली म्हणून घनता बदलत नाही."

त्यांचा वर्ग आणि माझा वर्ग यांच्यामध्ये नुसता तट्ट्याचा आडोसा होता. त्यामुळे त्यांचं विज्ञान माझ्या मुलांना पाठ होतं आणि माझ्या कविता त्यांच्या मुलांना. त्याच आठवड्यात ते नववीला उष्णतेचा धडा शिकवत होते. दर वर्षी त्याच शब्दांत शिकवत, मलाही तो येत होता. "द्रव तापवला की तो फुगतो. वजन तेवढंच राहतं, जागा मात्र जास्त व्यापतो. म्हणजेच त्याची घनता..." इथे 'कमी होते' असं मुलांनी एका सुरात म्हणायचं. मुलं म्हणाली. त्यानंतर पलीकडून काहीच ऐकू आलं नाही. मी तट्ट्याच्या फटीतून बघितलं तर सर फळ्याकडे तोंड करून उभे होते, खडू हातात तसाच.

घनतेचा धडा दिवाळीच्या आधी असे आणि उष्णतेचा दिवाळीच्या नंतर. इतकी वर्षं दोन्ही धडे त्यांनी तळमळीने शिकवले होते, पण सुट्टी मध्ये आल्यामुळे त्यांच्या डोक्यात त्या दोघांची कधी गाठच पडली नव्हती. वर्ग तसाच सोडून ते आमच्या खोलीत गेले आणि मधल्या सुट्टीच्या चहाचं दूध ताब्यात घेतलं. आधी गार मोजलं, मग स्टोव्हवर कोमट करून मोजलं, मग पुन्हा गार करून मोजलं. त्या दिवशी कुणालाच चहा मिळाला नाही. इतिहासवाले चिडून निघून गेले. सर खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, "व्याकरण, बाईंचं दूध गरम होतं."

मी म्हणालो, ते तर सगळ्या गावाला दिसत होतं.

"दिसत होतं," ते म्हणाले. "मला का नाही दिसलं?"

त्यांच्या तोंडून 'दिसणं' हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

संध्याकाळी ते आबांकडे गेले. मला बरोबर नेलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं, सुपारी कातरली आणि तोडगा सांगितला. संस्थेची शोभा नको, शाळेची शोभा नको. पुतण्याला सांगून रात्रीतून नाव पुसून घेऊ. कुणी विचारलं तर म्हणायचं, बाई सुधारली, आता पाणी घालत नाही. तिचंही काम झालं आणि मास्तरांचाही मान राहिला. पुढच्या वर्षी शाळेत मुख्याध्यापकाची जागा रिकामी होतेय, याचीही त्यांनी सहज आठवण करून दिली. मला तोडगा वाईट वाटला नाही, खरं सांगतो. गावात असेच तोडगे निघतात.

सर उठले. "ती सुधारली असं कसं म्हणता येईल?" ते म्हणाले. "ती बिघडली कधी होती?"

दुसऱ्या दिवशी रांग पुरी भरेपर्यंत ते थांबले आणि मग बोलायला उभे राहिले. माफी मागायलासुद्धा या माणसाने प्रयोगवहीची पद्धत सोडली नाही. उद्देश सांगितला, साहित्य सांगितलं, कृती सांगितली, निरीक्षणं सांगितली. गार दूध आणि कोमट दूध रांगेसमोर मोजून दाखवलं. थंडीत लोकांचे पाय गारठले, म्हशी खोळंबल्या, कुणीतरी विडी पेटवली. अनुमानापर्यंत सर पोचेनात. शेवटी भामाबाईनेच त्यांना थांबवलं.

"मास्तर, येवढं कशाला सांगताय? माझं दूध चांगलं हुतं का न्हाई, तेवढं सांगा."

सर थांबले. तोंडात आलेला आकडा त्यांनी गिळला, हे मला स्पष्ट दिसलं.

"चांगलं होतं," ते म्हणाले. "तुम्ही पाणी घातलं नव्हतं. चूक माझी झाली."

मग त्यांनी ओल्या फडक्याने तिचं नाव पुसलं, फळा वाळू दिला, आणि त्याच जागी, तसल्याच वळणदार अक्षरात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. आबा विजारीच्या खिशात हात घालून आत निघून गेले. मुख्याध्यापकाची जागा पुढे कुणाला मिळाली ते सांगायला नको. सरांना जूनमध्ये शाळेच्या पारनेरकडच्या एका शाखेत पाठवण्यात आलं, आणि डिग्री लावायला पुतण्या परत आला.

पण ते पुढचं. त्या सकाळी भामाबाई फळ्याकडे बघत राहिली आणि मला तिने हळूच विचारलं, आता काय लिवलं. मी सांगितलं. ती एकदम पुढे झाली.

"आवो मास्तर, तुमचं कशापायी? तुमी कुठं पानी घातलं?"

"तुमचं जितके दिवस होतं, तितके दिवस माझं राहील," सर म्हणाले. जणू हेही कुठल्यातरी तक्त्यात दिलेलं होतं.

ते नाव राहिलं. सर रोज पहाटे आपल्या नावाखाली उभे राहून दुधं मोजत, आता हातात थर्मामीटर घेऊन. भामाबाईचं दूध महादेवाला जाऊ लागलं, रतीबाची घरं गुपचूप परत आली. आणि अशाच एका सकाळी मी शाळेला जाताना संस्थेवरून गेलो, तर फळा ओला होता आणि कोरा होता. भामाबाई पदराचं टोक पिळत उभी होती. सर तिच्यावर रागावले होते.

"अजून एक दिवस बाकी होता, बाई."

"आसूं द्या की," ती म्हणाली. "येक दिस कमी मोजला तर काय हुतंय, मास्तर? मला रोज बघवत न्हाई ते."

सरांनी चष्मा काढून पुसला, आणि तो पुसायला त्यांना फार वेळ लागला. मग त्यांनी खिशातून खडू काढला आणि फळा वाळायची वाट न बघता, ओल्यावरच, आपलं नाव पुन्हा लिहायला घेतलं. अक्षरं उमटत नव्हती. ते गिरवत राहिले, आणि भामाबाई दुधाची बादली खाली ठेवून त्यांच्या मागे उभी राहिली.